पोपचे 'माणसावरील' काव्य ओवीत आणताना: छंद कोणता, आणि 'साखळी'ला उतरंड म्हणावे का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. अलेक्झांडर पोप यांच्या 'ॲन एसे ऑन मॅन' या काव्याचे पहिले पत्र मराठी पद्यात आणायचे चालले आहे. ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकूण चार पत्रे, १७३३-३४ मध्ये छापलेली, पहिले तर कवीचे नाव न घालताच. लॉर्ड बोलिंगब्रोक या मित्राला उद्देशून लिहिलेली आहेत. पहिल्यात विश्वाच्या रचनेत माणसाची जागा, दुसऱ्यात माणूस स्वतःच्या आत कसा, तिसऱ्यात समाज, चौथ्यात सुख. मला पहिलेच हवे आहे. आधी प्रस्तावना आणि मग दहा भाग, मिळून ओळी २९४, दोन-दोन ओळींना यमक, म्हणजे १४७ जोड्या.

ऐकणारे खानापूर-नंदगड भागातले, सप्ताहाला बसणारे लोक. ज्ञानेश्वरी कानावर आहे, इंग्रजी कविता नाही. हातात कागद द्यायचा नाही, नुसते म्हणून दाखवायचे.

अडले आहे ते असे. देवद्वार छंद धरला तर मजकूर मावत नाही, ओवी धरली तर पसरतो. देवापासून किड्यामुंगीपर्यंतची जी 'साखळी' पोप मांडतात तिला 'उतरंड' म्हणावे असे मनात आहे, पण खात्री नाही. 'हेवन', 'नेचर' या शब्दांना दैव, नियती, निसर्ग यांतले काय घ्यावे? आणि सगळे मिळून अर्ध्या तासाच्या वर जाऊ नये.

ओवीवाला (शहापूर, बेळगाव)

आधी मापाचे बघू. पोपच्या एका ओळीत उच्चाराचे १० अवयव, जोडीत २०. देवद्वाराच्या चार चरणांतल्या अक्षरांची बेरीज ६+६+६+४ म्हणजे २२, तेव्हा चपखल बसेल असे वाटते आणि इथेच बहुतेक जण फसतात. इंग्रजीत एका अवयवाचे शब्द पुष्कळ, म्हणून २० अवयवांत पंधरा-सोळा शब्द जातात. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते, क्रियापदाला लिंगवचनाची शेपटी असते. २२ अक्षरांत आठ-नऊ शब्द झाले की जागा संपली. मग एका जोडीला दोन कडवी लागतात आणि नांगी मोडते. या कवीची सगळी करामत पहिल्या ओळीत म्हणणे मांडून दुसरीत ते उलटवण्यात आहे, ते दोन कडव्यांत फाकले की नुसता उपदेश उरतो. मोठा अभंगही ६-६-६-४ चाच, फक्त यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. छोट्या अभंगात ८-८, म्हणजे १६. तो तर आणखी तोकडा.

तेव्हा ग्रंथातली ओवीच घ्या. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. अक्षरे बांधलेली नसतात, म्हणूनच ती पसरते; तुम्ही आपल्यापुरती बांधून घ्या. पहिले तीन चरण ९ ते ११, चौथा ४ ते ६. म्हणजे ओवी ३१ ते ३९ अक्षरांत राहील आणि एक जोडी एका ओवीत बसेल. पहिल्या दोन चरणांत माणसाचे म्हणणे, तिसऱ्यात त्याचा फोलपणा, चौथ्यात टोला. चौथा चरण आखूड असल्यामुळे तो आपोआप ठसक्यात पडतो. तिथे 'असे जाणावे', 'हे निश्चित' असली भरताड घालाल तर ओवी गेली म्हणून समजा.

मोजताना: जोडाक्षर एकच धरायचे, पाय मोडलेले अक्षर मोजायचे नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे नाही. पण एक खाच आहे, ती पुस्तकात बघून लिहिणाऱ्याला कळत नाही. कागदावर 'धरतो' तीन अक्षरी, तोंडात 'धर्तो' दोन. गाताना आपण तो अकार उच्चारतो, नुसते म्हणताना गिळतो. तुम्ही म्हणून दाखवणार, गाणार नाही. म्हणून प्रत्येक चरण दोनदा मोजा, एकदा लिहिलेला, एकदा बोललेला. बोललेल्या मोजणीत तीन लांब चरणांमधला फरक दोनापेक्षा जास्त झाला की ऐकणाऱ्याला ठेच लागते, का लागली ते त्याला सांगता येत नाही.

वेळ: संथ म्हटली तर ओवीला ८ ते १० सेकंद. १४७ ओव्या म्हणजे २० ते २५ मिनिटे. अर्ध्या तासात बसते, पण मध्ये श्वास आणि दोन शब्दांचे निरूपण धरलेत तर बसत नाही.

पंतांचा पाईक (निपाणी)

ओवीवर सगळ्यांचा जीव आहे हे माहीत आहे, तरी आर्येची बाजू मांडतो. या इंग्रज कवीला मराठीत भाऊ शोधायचा तर तो मोरोपंत. तोच काळ (पोप १६८८ ते १७४४, पंत १७२९ ते १७९४), तोच शब्द घासूनपुसून बसवण्याचा हव्यास, तेच यमकाचे वेड. आणि पंतांचा जन्म पन्हाळगडावरचा, म्हणजे आमच्या निपाणीहून फार लांबचाही नाही.

पंतांची आर्या म्हणजे गीती: १२+१८ मात्रा, पुन्हा १२+१८. दोन ओळी, शेवटी यमक. दोन ओळींना दोन ओळी! लघु एक मात्रा, गुरू दोन. जोडाक्षराचा आघात ज्या अक्षरावर येतो ते गुरू. १२ मात्रांनंतरचा थांबा म्हणणे मांडायला आणि पुढच्या १८ उलटवायला, असा साचाच तयार मिळतो. जमले तर ओवीपेक्षा कितीतरी धारदार.

खोट एकच आहे. मात्रा भरायला 'हा', 'तो', 'बा', 'गा' घुसतात आणि शब्दांची ओढाताण होते. वाचणारा मागे जाऊन अन्वय लावतो, ऐकणारा तोवर मागे राहतो. कागद न देता १४७ आर्या ऐकवू नका, हे आर्येचा भक्त असूनही सांगतो. दहा-बारा निवडक जागी घाला.

तरतम (टिळकवाडी)

छंदाचे दोघांनी बघितले आहे, मी शब्दांचे बोलतो. घात शब्दांतच होतो.

'दैव' नको. दैव म्हटले की ऐकणाऱ्याला कपाळावरची रेघ दिसते. 'प्रारब्ध', 'संचित' तर अजिबात नको. पोपचा देव सर्वसाधारण नियमांनी चालतो, कुणा एकासाठी नियम वाकवत नाही. म्हणून भूकंप झाला, साथ आली तर त्याचे काय, हा प्रश्न पाचव्या भागात त्यांना झोंबतो. प्रारब्ध म्हटले की उत्तर आधीच मिळाले, तो भाग मेला. याच मुद्द्यावर पुढे युरोपात रण माजले. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर व्होल्तेअरने पोपच्या 'आहे ते बरोबरच आहे' या म्हणण्याची सालटी काढली. तो झोंबरेपणा तुमच्या ओवीत राहायला हवा. 'नेम' हा शब्द घ्या. ईश्वराचा नेम, सृष्टीचा नेम. वारकऱ्याच्या तोंडातला आहे, दोन अक्षरी आहे, आणि त्यात नियम आणि निष्ठा दोन्ही येतात. 'ऋत', म्हणजे वेदांतला विश्वाचा नियम, अर्थाने सर्वांत जवळचा, पण तो समजावत बसावे लागेल.

'निसर्ग' म्हणजे आज झाडेपाने. 'सृष्टी' म्हणा.

माणसाच्या 'प्राइड'ला 'अहंकार' लावू नका. अद्वैतात अहंकार विरघळवायचा असतो, मी-तूपण जाते. इथे मीपण जायचे नाही, आपली पायरी सोडून वर चढू बघणे हा दोष आहे. 'आगळीक' चांगला. 'गर्व' चालेल.

मधल्या फळीतल्या 'एंजल'ना 'देव' म्हटलेत तर मोठ्या देवाशी गोंधळ होईल. 'देवदूत' आपल्या भागात सगळ्यांना कळतो, पण ऐकणारा थेट चर्चमध्ये जाऊन बसतो. 'गंधर्व' घ्या. त्याला आधारही आहे: तैत्तिरीय उपनिषदात माणसाचा आनंद हे एकक धरून शिडी मांडली आहे. मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर असे करत ब्रह्मापर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला शंभरपट. शून्ये मोजलीत तर एकावर वीस. मात्र तिथे प्रत्येक पायरीला एक पालुपद आहे, की कामना सुटलेल्या श्रोत्रियाला, म्हणजे वेद जाणणाऱ्याला, तोच आनंद जागेवर मिळतो. म्हणजे शिडी मांडायची आणि तिला बगलही द्यायची. पोपच्या शिडीला बगल नाही.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींचेही तसेच. ९ लाख जलचर, २० लाख स्थावर, ११ लाख कृमी, १० लाख पक्षी, ३० लाख पशू, ४ लाख माणसे ही वाटणी पुष्कळांना तोंडपाठ असते, आणि रूपांतर करणाऱ्याला ती घालायचा मोह होतो. पण तिथे जीव एका योनीतून दुसरीत जातो. पोपकडे जो जिथे तो तिथेच. पायऱ्या आहेत, चढणे-उतरणे नाही.

आपल्या आसपास याच्या सर्वांत जवळ जाणारी मांडणी आहे ती मध्वाचार्यांच्या द्वैतमताची. ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड असे पाच भेद, सगळे खरे आणि कायमचे. आणि जीवांमध्ये तारतम्य, ते मोक्षातही सुटत नाही. कन्नड दाससाहित्यात हे भरपूर आहे. जगन्नाथदासांचे 'हरिकथामृतसार' भामिनी षट्पदी या सहा चरणांच्या कन्नड छंदात आहे, त्यात तारतम्याचा विचार पानोपानी येतो. पण 'तारतम्य' शब्द मराठीत वापरू नका! मूळ अर्थ 'तर' आणि 'तम' यांवरून आलेला, अमक्याहून थोर, सर्वांत थोर. मराठीत तो घासून 'तारतम्याने वागा' एवढाच राहिला. कन्नड कीर्तन ऐकणाऱ्याला एक कळेल, मराठी ऐकणाऱ्याला दुसरेच, आणि आपल्याकडे दोघे एकाच सतरंजीवर बसलेले असतात.

मलप्रभाकाठ

ओवीवाले अण्णा, तरतम सर, फार उपयोग झाला. 'नेम' आणि 'गंधर्व' घेतले. आठव्या भागासाठी, जिथे एक दुवा निखळला तर सगळी रचना ढासळते असे म्हटले आहे, ही ओवी केली आहे. बघा की:

उतरंडीचे मडके मधले ।
वरचे खालचे त्याने धरले ।
निसटले तर सारे फुटले ।
एक्या क्षणी ॥

११-११-११-४ बसते.

ओवीवाला (शहापूर, बेळगाव)

आकडा बसतो, यमक बसत नाही. मधले, धरले, फुटले: जुळते ते फक्त 'ले', आणि तो भूतकाळाचा प्रत्यय आहे. 'गेले, आले, झाले'ने भारूड निघेल. शेवटच्या अक्षराआधीचा स्वरही जुळवा, आणि तीनपैकी दोन यमके तरी नामांची ठेवा, म्हणजे क्रियापद चरणाच्या टोकाला लोंबत नाही.

शिवाय उतरंडीतले मडके खालच्याला कुठे धरते? खालच्यावर बसते. असे करून बघा:

उतरंडीच्या मधल्या थरी ।
वरचा भार डोईस धरी ।
निसटता फुटती घागरी ।
वरल्या साऱ्या ॥

१०-१०-१०-५. बोलताना ८-७-७, म्हणजे फरक एकाचा.

वडगावकर

ओवी झकास, पण मुळातच चूक आहे. घरात उतरंड बघितलेल्या बाईला विचारा. सर्वांत मोठा रांजण तळाला, मग घागर, मग मडके, वर लोटके. प्रत्येकाचे बूड खालच्याच्या तोंडावर. मधले काढले तर वरचे कोसळते, खालचे जागेवर राहते. साखळी वरून टांगलेली असते. मधली कडी तुटली तर खालचे पडते, वरचे राहते. दोन्ही अगदी उलट. आणि पोप तर म्हणतात दोन्हीकडचे जाते, पृथ्वी आपली वाट सोडते आणि वरचे गंधर्वही खाली येतात. उतरंडीने निम्मेच सांगून होते.

दुसरे, आकार. तुमच्या हिशेबाने वर गंधर्व म्हणजे लोटकी, आणि किडामुंगी म्हणजे रांजण. हसतील लोक.

रहाटगाडगे घ्यावे असे कुणी सुचवील, त्याच्याआधी सांगतो: ते फिरते, म्हणजे पुन्हा जन्ममरणाचा फेरा आला. तरतमांनी वर बंदी घातलेलीच आहे.

तरतम (टिळकवाडी)

वडगावकर, मानले. मग माळ? जपमाळेत १०८ मणी आणि वर मेरुमणी. जप करताना मेरू ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. माणसाने आपली हद्द ओलांडू नये हे म्हणणे त्यात आयतेच आले, समजावून सांगायला नको. आणि सूत तुटले की मेरूसकट सगळे जाते, वरचे-खालचे दोन्ही.

सूत तुटले की त्याच क्षणी ।
मेरूही गळे, गळती मणी ।
लहानथोर एका अंगणी ।
विखुरलेले ॥

वडगावकर

मणी सगळे सारखेच असतात हो सर. पायऱ्या कुठे गेल्या?

ओवीवाला (शहापूर, बेळगाव)

पायऱ्या सातव्या भागात आहेत, तिथे ठेवा. एकाच दृष्टान्ताकडून दोन्ही कामे करून घ्यायची म्हणून ही ओढाताण. आठव्यात कोसळणे दाखवायचे, तिथे माळ. सातव्यात इंद्रियांचे थर मोजायचे आहेत, कुणी कोसळत नाही, तिथे उतरंड.

आणि वडगावकरांनी दाखवलेला दोषच तिथे गुण होतो. सातव्या भागाचे म्हणणेच असे, की खालच्या थरातल्या जिवांची इंद्रिये माणसापेक्षा मोठी आहेत. शिकारी कुत्र्याला वास, कोळ्याला जाळ्याच्या धाग्याधाग्यावरचा स्पर्श, मधमाशीला विषारी झुडपातूनही औषधी रस काढता येतो. माणसाकडे एक बुद्धी, ती या सगळ्यांना पुरून उरते. खाली रांजण आणि वर लोटके, लोटक्यात काय भरले आहे तो प्रश्न! आता हसले तरी चालतील.

तिथे नजरेसाठी 'लिंक्स' नावाचे जनावर आहे, ते आपल्याकडे कुणाला माहीत नाही. 'घार' घाला, घारीची नजर बोलण्यातच आहे. आंधळेपणाला 'मोल' आहे, त्याला चिचुंद्री चालेल. जात वेगळी, पण नजर अधू हे खरे आणि लोकांनाही ठाऊक.

वेळेचा धाक असेल तर सगळे करू नका. पहिल्या पत्राचे दहा भाग आणि आधी प्रस्तावना. जोड्यांत मोजले तर प्रस्तावना ८, मग क्रमाने ९, २१, १८, ९, २१, १७, १३, १३, ११, ७. पाच, सात, आठ, नऊ एवढे घेतलेत तर ५८ ओव्या, दहा मिनिटांच्या आत. पाचव्यात शंका, सातव्यात थर, आठव्यात माळ, नवव्यात हाताने किंवा पायाने डोके व्हायचे म्हटले तर काय होईल ते. तर्क कुठे तुटत नाही. सहावा सोडवत नसेल तर त्यातली माणसाला सूक्ष्मदर्शी डोळे का नाहीत एवढी एक जागा घ्या. उत्तर एवढेच की माणूस माशी नाही. चौथ्या चरणासाठी 'माशी नव्हे' तयारच आहे, चार अक्षरी.

पंतांचा पाईक (निपाणी)

शेवट कसा करणार? दहाव्या भागातले 'जे आहे ते योग्य' मराठीत आणताना तुकोबांचा 'ठेविले अनंते' हा चरण जिभेवर येतो. लोकही तोच म्हणतील.

तरतम (टिळकवाडी)

येतो, म्हणूनच टाळा. तो एका माणसाच्या चित्ताच्या समाधानाचा विषय आहे, मला जे मिळाले त्यात मी कसा राहतो हा. पोप संपूर्ण रचनेबद्दल विधान करतात, ऐकणाऱ्याचे समाधान होवो न होवो. तो चरण आला की मंडळी माना डोलावतील आणि वाद मिटेल, आणि वाद मिटता कामा नये. 'चुकले असे दिसते ते नेमातच आहे' या अंगाने जा. ऐकणाऱ्याला थोडे टोचेल.

मलप्रभाकाठ

शेवटचे एक. तिसऱ्या भागातला 'बिचारा इंडियन' घ्यावा म्हणतो, ढगात देव बघणारा. त्याला 'भारतीय' म्हणू की 'हिंदू'?

ओवीवाला (शहापूर, बेळगाव)

दोन्ही नाही. तो अमेरिकेतला मूळ रहिवासी आहे. सोने हुडकत आलेल्या लोकांचा जाच नसलेल्या डोंगरापलीकडच्या मुलखाची तो आस धरतो, त्यावरूनच कळते. 'भारतीय' म्हटलेत तर सगळी सभा आपल्यालाच बिचारे म्हटले असे समजेल. 'रानातला भोळा' म्हणा आणि ओवी सुरू करण्याआधी कुठला ते एका वाक्यात सांगा.

त्याच्या स्वर्गात त्याचा इमानी कुत्राही बरोबर येणार असतो. ऐकणाऱ्याच्या मनात धर्मराजाचा कुत्रा येणारच, त्याला इलाज नाही. पण तिथे 'श्वान' लिहू नका. श्वान म्हटले की परीक्षा घ्यायला आलेला यमधर्म होतो. 'कुत्रा'च म्हणा.